पाटपाणी पाव्हणं

आता काय सांगू तुम्हाला, लोकांना पाणी कसं द्यावं हे शिकवण्यात माझी हयात गेली, आणि पाणी कसं प्यावं हे मला माझ्या व्याह्यानं शिकवलं. तेही उताणं पाडून! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मला सलग सांगू द्या.

माझा धंदा ठिबकच्या नळ्यांचा. कन्हेरीपासून इंदापूरपर्यंत असा बांध नसेल जिथं उभं राहून मी भाषण ठोकलं नाही. भाषण ठरलेलं. "पाट सोडून झाड बुडवू नका. थेंब थेंब द्या, मुळाशी द्या, आणि सुकायच्या आधी द्या." एकदा एका बाभळीनं हे ऐकून मान डोलावली होती. खोटं वाटतंय? वाटू द्या. भाषण मात्र लक्षात ठेवा, पुढं ते माझ्याच अंगावर येणार आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "साखर आहे. आजपासून गोड बंद."

आमच्याकडं! जिथं चहू अंगांनी ऊस, कारखान्याच्या सभासदाची साखर घरात पोत्यानं, आणि चहात चमचा उभा राहिला नाही तर पाहुणा रुसतो, तिथं साखर बंद? कोळ्याला म्हणावं, नदीकडं बघू नकोस!

अशा दुःखात माझा पुण्याचा भाचा आला. बरोबर एक खोकं. आत चकचकीत पत्र्याचे डबे, थंडगार डाएट सोड्याचे. म्हणाला, "मामा, नवीन निघालंय. गोड लागतं, पण साखर शून्य. बिनधास्त प्या."

मी त्यातलं फक्त "बिनधास्त प्या" एवढंच ऐकलं.

मग काय! सकाळी डबा, दुपारी डबा, बांधावर डबा. साध्या पाण्याला चवच लागेना. पाणी काय, म्हशीसुद्धा पितात! घसा कोरडा पडायचा, संध्याकाळी डोकं ठणकायचं, झोप उडाली होती. मी म्हणायचो, ऊन फार आहे यंदा. आणि घसा कोरडा पडला की आणखी एक डबा.

बायको एकदा म्हणाली, "माठाला कोळ्यानं जाळं धरलंय. निदान त्याला हलवायला तरी एक तांब्या घ्या."

त्यातच रेखाची, माझ्या लेकीची सोयरीक निघाली. मुलगा वरकुट्याचा, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. मुलगी पाहून गेले, पसंती कळवली. आता आम्ही त्यांचं घर बघून यायचं, एवढंच उरलं. रेखा मनातलं बोलणारी नव्हे, पण मी जाणार ना, कधी जाणार, हे तिनं चार वेळा आडून आडून विचारलं होतं. बापाला कळतं हो.

निघताना दारात आली. "आण्णा, तिथं जरा कमी बोला."

"मी कधी जास्त बोलतो?"

मेव्हणा भानुदास मोटारसायकलला उगाच किका मारत राहिला.

मे महिन्याचं ऊन. ओल्या फडक्यात गुंडाळलेले डबे पिशवीत. वरकुट्याला पोचेपर्यंत निम्मे संपले. पाण्याचा थेंब सकाळपासून घेतला नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. घर बघायला गेलेल्या पाहुण्यापुढं आधी पाण्याचा तांब्या येतो. पाहुण्यानं तो घेतला की बोलणी पुढं चालू. पाणी न घेता उठला, म्हणजे या घरात काहीतरी खोट दिसली, सोयरीक नको. तोंडानं कुणी नकार देत नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? अशा शंभर बैठकांना मी मधे बसलोय!

मुलाची आई हौसाबाई, डोक्यावर पदर घेऊन, तांब्या-फुलपात्र घेऊन आल्या. "घ्या पाव्हणं."

मी ऐटीत हात वर केला. "नको वैनी. मी पाणी सोडलंय."

भानुदासनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. मला वाटलं, माशी हाकलतोय.

मुलाचे वडील, दशरथआबा. पूर्वी घरात मेंढरं होती, आता डाळिंब आणि थोडा ऊस. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "पाव्हणं, आमच्याबद्दल काय आईकलं का?"

"बरंच!" मी हसून म्हणालो. "सगळी माहिती काढूनच आलोय, आबा." मला म्हणायचं होतं, तुमचं नाव चांगलं आहे.

आबांनी बायकोकडं बघितलं. "मी म्हनलं न्हवतं? ती भाईर फुटनार."

आणि माणूस भडाभडा बोलायला लागला! "व्हय, औंदा आमी पाळी नसताना कालव्याचं दार उचाललं. एकदाच. जनावरं हंबरत हुती. आमी पडलो टोकाला. वरच्या अंगाला तुमी बारामतीकर सगळं वढून घेताय, आमच्यापत्तुर येती ती निस्ती वल! आमचं पाणी वर अडवायचं, आन खाली येऊन म्हनायचं पाणी नगं? ह्यो कुठला न्याय?"

"अहो आबा, तसं नव्हे…"

"ही कालव्याचं न्हाय वो पाव्हणं," हौसाबाई हळूच म्हणाल्या. "आमच्या हिरीचं मचूळ लागतं. तुमी येनार म्हनून सकाळी वढ्यापलीकडनं हंडा आनला."

तुम्ही असता तर काय केलं असतं? तांब्या घेतला असता, तोंडाला लावला असता, विषय संपला असता. मी समजावून सांगायला गेलो! पिशवीतला डबा काढला आणि उघडला. फस्स! मोटारसायकलवर हिंदकळलेला तो. फेस थेट आबांच्या धोतरावर.

आबा मागं सरकले. "दारू?"

"छे छे! औषधच समजा. मला साखरेचा त्रास आहे ना."

"मग पोरीला बी लागतं व्हय ह्ये औषध?" आबांनी धोतर झटकलं. "आमच्यात तांब्याभर पाणी मिळंल पाव्हणं. डबं न्हाय मिळायचं."

रेखाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. लेकीनं सांगितलं होतं, कमी बोला. म्हणून मी काय केलं? म्हणालो, "चला आबा, मळा तर दाखवा!"

दुपारच्या उन्हात डाळिंबाला पाट सोडलेला. तो बघितला आणि माझ्यातला विक्रेता जागा झाला. राहवतंय होय? "आबा, असं बुडवू नका हो! थेंब थेंब द्या, मुळाशी द्या, सुकायच्या आधी…" जीभ टाळूला चिकटत होती, तरी मी सुटलो होतो. मधेच डाळिंबाची झाडं फेर धरून नाचायला लागली. मला वाटलं, भाषणावर खूष झाली. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा लिंबाखाली बाजेवर होतो. आबा शेजारी बसून पटक्याचं ओलं टोक माझ्या ओठांवर पिळत होते. एक थेंब. थांबले. दुसरा थेंब.

"पाणी…"

थेंब.

"आबा, पाणी द्या हो!"

"देतूय की. तुमीच म्हनला न्हवं, बुडवायचं न्हाय? मुळाशी बी दिलं आस्तं, पर मुळं कुठं हायती तुमची, तेवढं सांगा."

"सरका तिकडं! मानूस चाललंय आन तुमास्नी चेष्टा!" हौसाबाईंनी नवऱ्याला बाजूला केलं आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला.

तोच तांब्या. मी ओसरीवर नाकारला तेव्हापासून तो त्यांच्या हातात होता. मी भाषण ठोकत होतो तेव्हा ती बाई तो घेऊन बांधावर उभी होती, हे मला नंतर भानुदासनं सांगितलं. मी गटागटा प्यायलो. दुसरा प्यायलो. मग मीठ टाकलेलं पातळ ताक. इतकं गोड काही मी जन्मात प्यायलो नव्हतो, आणि साखर कणभर नव्हती. हौसाबाईंनी पदराच्या टोकानं डोळे टिपले.

आबांनी पटका झटकून डोक्याला गुंडाळला. "पाव्हण्यांनी पाणी घेतलं. सोयरीक झाली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झाडलंच. "साखर नव्हती, खरंय. पण मी गोड सोडा म्हणालो होतो, पाणी कधी सोडा म्हणालो? डबा म्हणजे पाणी नव्हे. त्यानं जिभेची गोडाची हाव तशीच राहते, वर चहासारखी झोप उडते. कधीतरी एखादा घेतलात तर घ्या. तहानेला पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी. आणि असा घसा सुकत राहिला तर साखर वाढलीय का बघायला माझ्याकडं यायचं, भाच्याकडं नाही."

घरी येऊन माठाजवळ बसलो. माझ्या ध्यानात आलं, तहान आणि हाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी कित्येक दिवस एकीच्या नावावर दुसरीला पाजत होतो. झाडाच्या पानावरनं मला त्याची तहान ओळखता यायची. स्वतःची ओळखायला उताणं पडावं लागलं. माठ घासला, भरला. कोळ्याला नवीन जागा शोधावी लागली.

रेखा वरकुट्यात रमली. आबांनी पुढं डाळिंबाला ठिबकही बसवलं. दुसऱ्याकडनं! म्हणाले, "तुमच्या मालाचा भरवसा हाय, पर माल विकनाराच पयला वाळतूय."

आजही मी त्यांच्या ओसरीवर टेकलो की आबा आत हाळी देतात, "अगं, पाव्हणं आलं! तांब्या नगं, कळशी आन. ह्ये झाड ठिबकवर जगत न्हाय, ह्येला पाटपाणीच लागतं!"