दुसऱ्या बेसची जागा

फोन विक्रमचा होता, आमच्या यांच्या हाताखालच्या पोराचा. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून कोपरानेच फोन उचलला. "काकी, बापू झाडाखाली टेकल्यात... हाक मारतोय तर ओ देईनात." राधानगरीकडच्या एका शाळेचं मैदान आखायला ते दोघे पहाटेच गेले होते. आखणी झाली होती, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या, आणि यांनी विक्रमला सांगितलं, जरा टेकतो. टेकले ते टेकलेच. त्याला आता सात आठवडे होतील.

आमच्या यांना सगळे बापू म्हणायचे. यांचे वडील वारणानगरला साखर कारखान्यात होते. तिथल्या शाळेत खेळाचे नवे सर आले, ते कुठल्याशा शिबिरातून एक बॅट, दोन हातमोजे आणि एक टणक पांढरा चेंडू घेऊन आले. हे तेव्हा आठवीत. "त्या दिवशी मोज्यात चेंडू बसल्याचा जो आवाज झाला, त्यो कानातनं गेलाच न्हाई," असं सांगायचे. खेळाडू म्हणून फार पुढे गेले नाहीत, गुडघ्याने दगा दिला. पण खेळ सोडला नाही. कोल्हापुरात एका कॉलेजच्या जिमखान्यात शिपाई म्हणून लागले, पंचाची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले, आणि पुढे बेसबॉलचं मैदान आखणारा माणूस म्हणून त्यांना नांदेड-नागपूरपर्यंत बोलावणी येऊ लागली. इथे तर फुटबॉलशिवाय कुणाला काही दिसत नाही. शेजारचे दत्तूभाऊ रोज दारात चिडवायचे, "बापू, तुमचा खेळ क्रिकेट न्हाई, फुटबॉल न्हाई, इटीदांडूबी न्हाई. हाय तरी काय?" हे म्हणायचे, "एकदा येऊन बघ, मग काय न्हाई ते सांग." अमेरिकेतले सामने आपल्याकडे पहाटेपासून लागतात. चहाचा कप हातात घेऊन हे मोबाईलवर बघत बसायचे, आणि मला बोलावून खेळाडू नाही, जमीन दाखवायचे. "माती बघ गं, कशी दाबलीय."

लग्न होऊन मी नेसरीहून आले तेव्हा मला चार माणसांत तोंड उघडता यायचं नाही. अजूनही फारसं येत नाही. पहिल्याच वर्षी हे म्हणाले, "पोरं तार ढिली सोडत्यात. तू सोडायची न्हाईस. येतीस?" मैदान आखायला यांच्याकडे बारीक तारेची एक लांब दोरी होती. सुती दोरी पावसाने आखडते, नायलॉनची ताणते, म्हणून तार. तिच्यावर दोन खुणा होत्या, एक नव्वद फुटांवर, पहिल्या-तिसऱ्या बेससाठी, आणि एक एकशे सव्वासत्तावीस फुटांच्या जरा पुढे, समोरच्या दुसऱ्या बेससाठी. त्या खुणांवर लाल दोरा मी गुंडाळला होता. मी अट घातली, माणसं यायच्या आत जायचं आणि माणसं यायच्या आत परत यायचं. त्यांनी ती कधी मोडली नाही. मी डोक्यावर पदर घेऊन होमच्या खुंटीपाशी, म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात तिथे, तारेचं टोक धरून उभी राहायची, आणि हे दुसरं टोक घेऊन लांब चालत जायचे. मी बोटं दुखेपर्यंत ताणून धरायची. आखून झालं की मी रिक्षाने घरी. इतक्या वर्षांत एकही सामना मी बघितला नव्हता. संध्याकाळी ते सांगायचे तेवढाच.

मी चौथी शिकलेली. पण एक गोष्ट त्यांनी मला अंगणात पाट मांडून शिकवली होती. बेस म्हणजे जाड कापडाची चौकोनी उशी, धावणाऱ्याने पाय टेकायची. पहिली आणि तिसरी उशी रेघांच्या आत बसते, तिचा बाहेरचा कोपरा खुंटीवर. दुसऱ्या बेसला रेघाच नाहीत, म्हणून ती उशी खुंटीच्या बरोबर डोक्यावर, मधोमध. या उश्या मीच शिवायची. पहिल्या आणि तिसऱ्या उशीला खालून कोपऱ्यात खुंटीत अडकवायची कडी, दुसरीला मध्यभागी, म्हणजे बसवणाऱ्याला चुकता येऊ नये. एकदा मी विचारलं, "एवढ्यातेवढ्यानं काय बिघडतंय?" तर जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "पोरगी जीव खाऊन पळती. इतभर अंतरानं तिला बाद द्यायची आन् तीबी खोट्या जागंवर? मग आमी हाय कशाला?"

गेल्या आठवड्यात इथल्या मैदानावर मुलींची निवड होती. जिल्ह्याचा संघ त्यातून ठरणार. विक्रम, जो यांच्याच हाताखाली खेळून आता खेळाचा शिक्षक झालाय, तार न्यायला आला. मी तार दिली, पण रात्रभर मनात येत राहिलं, गुंडाळताना पीळ पडला तर... सकाळी मी निघाले. माझी थोरली जाऊ दारात उभी. "अजून दोन महिनं झालं न्हाईत. आन् तुला तर घरात बोलायला तोंड न्हाई, मैदानावर काय करणार?" मी म्हटलं, "तार आणायची हाय." ते खोटं नव्हतं.

पोचले तेव्हा आखणी झाली होती. दोन्ही बाजूच्या मुली, त्यांचे पालक, खुर्च्यांवर बाहेरगावचे पाहुणे. तार दुसऱ्या बेसपाशी पडली होती, ती उचलायला वाकले आणि दिसलं. उश्या नव्याकोऱ्या होत्या, वरून पाठवलेल्या, खाली कडी नाही. पोरांनी दुसरी उशीही बाकीच्या दोन्हींसारखीच आतल्या बाजूला लावली होती. खुंटीचं डोकं उशीच्या मागच्या कोपऱ्याबाहेर डोकावत होतं. वीतभराची चूक.

मी तार गुंडाळली. चार पावलं मैदानाच्या कडेच्या भिंतीकडे चाललेही. विक्रमला नंतर फोन करून सांगू असं मनात आलं. पण नंतर म्हणजे कधी? पोरी पळून झाल्यावर? मी परत फिरले आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिले. एक पाहुणे ओरडले, "ओ मावशी, बाजूला व्हा, सामना सुरू हुतोय." मी हलले नाही. विक्रम पळत आला. "काकी, काय झालं?"

"उशी चुकलीय. मधोमध पायजे."

तेवढ्यात ते पाहुणेही आले. "कोण ह्या? एवढं तेवढं चालतंय की. येळ झालाय."

"चालत न्हाई," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला तो नवा वाटला. "मोजा. मी थांबते."

विक्रमने एकदा उशीकडे, एकदा खुंटीकडे पाहिलं आणि कान धरला. "बरोबर हाय, सर. माझी चूक हाय." मग तो होमच्या खुंटीपाशी टोक धरायला गेला. दुसरं टोक घेऊन मी दुसऱ्या बेसपर्यंत चालत आले. त्याने जरा ढिली धरली, मी हात वर करून ताणायला सांगितलं. लांबचा लाल दोरा बरोबर खुंटीवर आला. उशी मी माझ्या हाताने बसवली, खाली खुंटी मधोमध चाचपून. पाहुण्यांनी घड्याळ तेवढं बघितलं.

मी घरी गेले नाही. भिंतीच्या सावलीत बसून आयुष्यातला पहिला सामना बघितला. सगळा कळला असं नाही. शेवटी शेवटी एक काळीसावळी पोरगी पहिल्यावरून दुसऱ्याकडे सुटली, धुळीत अंग टाकून घसरत आली. चेंडू आणि ती एकदमच पोचली. पंचाने हात वर केला, बाद. बोटभरानेच गेली असेल. ती तिथेच बसून रडली. मलाही वाईट वाटलं... पण ती खऱ्या जागेवर बाद झाली होती. तिच्यावर कुणी अन्याय केला नव्हता. हे असते तर संध्याकाळी जेवताना मला हेच सांगितलं असतं, आणि मी नुसती मान हलवली असती. आता ते मला एकटीलाच समजून घ्यावं लागलं.

काल वारणानगरच्या शाळेतून फोन आला. त्यांना मैदान आखून हवंय, विक्रमने माझं नाव सांगितलं होतं. तिथले सर फार आदराने बोलत होते. "काकी, गाडी पाठवू का? आणखी काय लागंल तुमाला?"

मी म्हटलं, "गाडी नको, एसटीनं येते. तार धरायला एक माणूस ठेवा. फार बोलणारा नको."