रिकाम्या घरातला श्वास

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकाताई म्हणत. दवाखान्यांचे थर्मामीटर, कारखान्यांचे दाबमापक, औषधांच्या दुकानांतले तराजू, असं सगळं तिच्या टेबलावर तपासायला येई. खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय ती कशालाच पास करत नसे. सतरा वर्षं हेच काम. घरी आल्यावरही ती स्वयंपाकघरातलं घड्याळ मोबाइलशी ताडून बघे आणि मगच चप्पल काढे.

नवरा याच्या अगदी उलट. तो लिफ्टच्या कंपनीत प्रोग्रामर होता. नवं यंत्र दिसलं की त्याच्या जिवाला चैन पडत नसे. दारावर त्याने सेन्सर बसवला होता. दार उघडलं की त्याच्या मोबाइलवर लगेच निरोप येई. नंतर सुट्टीचे चार दिवस खपून त्याने हवा मोजायचं एक यंत्र स्वतः जोडलं आणि हॉलमधल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे, ते दर पाच मिनिटांनी त्यात नोंदलं जाई.

"माणसं घरात असली की आकडा वर जातो. घर रिकामं झालं की खाली येतो," तो कौतुकाने सांगत होता.

"घरी केलेलं आहे. मी नाही विश्वास ठेवणार," ती म्हणाली.

पण आठवड्याभरात त्याचा आलेख बघायची सवय तिलाच लागली. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी ती आलेखासमोर बसून राहिली.

"अरे, इकडे ये. मंगळवारी आणि काल, दोन्ही दिवशी दुपारी दीडपासून आकडा चढलाय. घर तर बंद होतं."

"खिडकीतून काहीतरी आलं असेल."

"खिडक्या बंद असतात. बाकीच्या दिवशी रेघ सपाट आहे. फक्त मंगळवार आणि गुरुवार. मागचा आठवडा बघ, तिथेही तेच."

नवऱ्याने दाराच्या नोंदी काढल्या. सकाळी पावणेनऊला मुलगी शाळेला निघाली तेव्हा दार उघडलं आणि बंद झालं. त्यानंतर चार वाजता ती परत आली तेव्हा. मधे काहीच नाही.

"म्हणजे तुझं यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर तुझं दार," ती म्हणाली.

शनिवारी ती हवेचं यंत्र रुमालात गुंडाळून प्रयोगशाळेत घेऊन गेली. ठाऊक मिश्रणाच्या वायूचे तीन सिलिंडर लावून तीन वेळा ताडून पाहिलं. चूक नगण्य. घरी केलेलं यंत्र पास झालं, पण त्याचा तिला आनंद झाला नाही. नवऱ्यानेही दार दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं. दहाही निरोप बिनचूक आले.

तिने कागद ओढला आणि हॉलचं आकारमान काढलं. दोन-अडीच तासांत आकडा साडेचारशेवरून सहाशेवर जायला किती माणसं लागतील? उत्तर आलं, एक. तेही स्वस्थ बसलेलं, बारीक चणीचं.

"कुणीतरी आपल्या घरात येऊन नुसतं बसतंय," ती म्हणाली. नवऱ्याला हसू आलं होतं, ते तिच्याकडे बघून त्याने गिळलं.

पहिला संशय त्याच्यावरच आला. मंगळवार-गुरुवार तो जेवणाच्या सुट्टीत फोन उचलत नसे. सोमवारी सकाळी तिने त्याच्या ऑफिसात फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या दोन दिवशी त्याची दुपारची बैठक असते, असं कळलं. तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली, पण थोडीशीच. आता उरली शेजारीण.

शेजारच्या बाईंना अख्खी इमारत ऑपरेटर मावशी म्हणे. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, एकटी राहणारी बाई. काडीसारखी. घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असे. मुलगी शाळेतून आली की त्यांच्याकडून किल्ली घेई, म्हणजे तिच्याकडून हरवायला नको.

त्याच संध्याकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली.

"मावशी, दुपारचं कुणी आमच्या घरात येतं का? तुम्ही काही पाहिलंत?"

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. फार वेळ पुसला. "मी काय सांगू, बाई? मी आपली आतल्या खोलीत असते."

"किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"असते." मग त्या तिच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुला नेमकं काय विचारायचंय?"

"किल्ली थोडे दिवस मला हवी होती."

मावशी आत गेल्या. खिळ्यावरची किल्ली आणून त्यांनी तिच्या हातात दिली नाही, दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. "घ्या," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

मुलीला सांगण्यात आलं की काही दिवस शाळा सुटल्यावर वाचनालयात बसायचं, पाच वाजता बाबा घ्यायला येतील. बारा वर्षांची पोर. तिने "का?" असं एकदाच विचारलं. "कुलूप दुरुस्त करायचंय," आई म्हणाली.

मंगळवारी दुपारी रेघ सपाट राहिली. चार वाजले तरी आकडा साडेचारशेच्या वर गेला नाही.

"बघ! किल्ली काढून घेतली आणि श्वास थांबला. आणखी काय पुरावा हवा?"

"एकाच मंगळवारवरून?" नवरा म्हणाला. "तू थर्मामीटरला तीनदा तपासतेस आणि माणसाला एकदाच?"

ते तिला लागलं, पण तिने दाखवलं नाही. गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन्ही आठवड्यांचे आलेख छापून पिशवीत घातले आणि दीड वाजता ती जिना चढून आली. मावशींसमोर कागद ठेवायचे आणि सरळ विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. मावशी घरात येऊन काय शोधत असतील? कपाटं उघडत असतील का? दोन दिवसांत तिने कपाटातले सगळे कागद तपासले होते. एकही हललेला नव्हता, आणि त्यामुळे तिचा संशय उलट वाढलाच होता.

मावशींचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत फरशीवर, भिंतीला पाठ टेकून, शाळेच्या गणवेशात तिची मुलगी बसली होती.

"तू इथे? शाळा?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"आत या. दार लावून घ्या. तिची शाळा या दोन दिवशी एक वाजता सुटते."

"चार वाजता सुटते. मंगळवार-गुरुवारी तर तिचा रोबोट क्लब असतो!"

"क्लबातल्या मुलांची चार वाजता सुटते," मुलगी खाली बघत म्हणाली. "मी क्लब सोडला. दोन महिने झाले."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. क्लबात केलेली तिची रोबोट गाडी आखलेल्या रेघेवरून चालत नव्हती, सारखी भिंतीला जाऊन आपटत होती. शिकवणारे सर सगळ्यांदेखत म्हणाले, तुझे आईबाबा एवढे हुशार आणि तुला एवढंही जमू नये? सगळी मुलं हसली. दुसऱ्या दिवशी तिने नाव काढून घेतलं. घरी सांगायचा धीर झाला नाही. जेवताना बाबा रोज त्या गाडीबद्दल विचारायचे, आणि ती बनवून सांगायची.

"आणि दार? दाराची नोंद कशी झाली नाही?"

"सकाळी मीच शेवटची निघते. निघताना दाराच्या सेन्सरला चुंबक चिकटवायचं. मग दार उघडं असलं तरी त्याला ते बंदच वाटतं. चार वाजता चुंबक काढायचं आणि दार एकदा उघडून लावायचं." मग ती म्हणाली, "बाबांचं हवेचं यंत्र तापमानाचं आहे असं मला वाटलं होतं."

आईने मावशींकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं. मग मी विचारलं तेव्हा..."

"बत्तीस वर्षं लोकांची बोलणी माझ्या कानांवर पडली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पोरीने सांगू नका म्हटलं, मी सांगितलं नाही. पण घरी सांग, म्हणून रोज तिच्या मागे लागले होते, विचारा तिला. मंगळवारी ती माझ्या दाराशी आली आणि किल्लीच नाही. मग इथेच बसवली. पाचच्या आत वाचनालयात पोचवून आले." मावशींचा आवाज चढला नाही. "तुम्हाला मी चोर वाटले. वाटू दे. पण तोंडावर म्हणायचं होतंत. स्टुलावरून किल्ली उचलून नेलीत."

ती वाकून पाया पडायला गेली, तर मावशी दोन पावलं मागे सरल्या. "ते राहू द्या. पोरीला घरी न्या."

पिशवीतले आलेख तिने बाहेर काढलेच नाहीत.

संध्याकाळी नवऱ्याने चुंबक हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. त्याच्या ओठांवर हसू आलं, मग मावळलं. "रोज त्या गाडीचं विचारायचो मी," तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. सरांना भेटायला जायचं आईच्या मनात होतं. मुलीने हात जोडून नको म्हटलं, म्हणून ते राहिलं.

मावशींशी बोलणं सुरू व्हायला दीड महिना लागला. किल्ली मात्र त्यांनी पुन्हा ठेवून घेतली नाही. शेवटी मुलीलाच एक वेगळी करून दिली.

एकच गोष्ट आईला सुटेना. "दोन-दोन तास घरात बसून करायचीस काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"आई, काही नाही म्हणजे काही नाही. फरशीवर पडायचं."

तिला ते पटेना. कुणी दोन तास नुसतं पडून राहतं का? पुढच्या एका मंगळवारी ती लवकर घरी आली. मुलगी हॉलमध्ये फरशीवर आडवी होती, पाय भिंतीवर टेकवलेले. जवळ पुस्तक नाही, मोबाइल नाही. आई तिच्या शेजारी आडवी झाली आणि तिनेही पाय भिंतीला लावले. फरशी गार होती. पंखा फिरत होता.

थोड्या वेळाने मुलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तू काय तपासतेयस?"

"काही नाही गं. पडलेय नुसती."

"खरंच?"

"खरंच."

मुलीने डोळे बारीक केले. "मग सारखी घड्याळाकडे का बघतेयस?"