रणगाड्याला मुलतानी माती

मी युद्धाच्या विरोधात आहे. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे रणगाड्याची गोष्ट आहे आणि ती मी ताठ मानेने सांगणार आहे. ज्यांना या दोन गोष्टी एका माणसात चालत नाहीत, त्यांनी माझ्या बाबांना भेटावं.

बाबा सैन्यात रणगाडा चालवायचे. पेन्शन घेऊन गावी आले आणि भातशेती बघायला लागले. आमचं गाव हातखंब्यापासून रिक्षाने अर्धा तास आत. गावात माजी सैनिक बरेच. पंधरा ऑगस्टला त्यांना पुढच्या रांगेत बसवून नारळ आणि शाल देतात. आमच्या बौद्धवाडीतले सैनिक बाबा एकटेच, आणि त्यांना दरवर्षी आदल्या दिवशी निरोप येतो: मांडवाचं बघायला या. बाबा जातात, वासे रोवतात, कापड ताणतात आणि कार्यक्रमाला मागे उभे राहतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, "यादीत नाव राहून गेलं." एकदा राहिलं तर चूक म्हणू. दरवर्षी राहतं त्याला चूक म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी गावातल्या हायस्कूलने माजी सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. गणवेश, पदकं, जुने फोटो. समितीतले एक सर आमच्या पडवीत येऊन बसले. आईने चहाचं विचारलं. नको, आत्ताच झाला, म्हणाले. आमच्या वाडीत येणाऱ्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो.

"मांडव तुमच्याकडे," ते बाबांना म्हणाले.

"बघतो," बाबा म्हणाले.

मी मध्ये बोलले. "सर, बाबांचा रणगाडा ठेवायचाय प्रदर्शनात. जागा धरून ठेवा."

सर हसले. "आणा की. दारातून आत मावला म्हणजे झालं."

ते गेल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "रणगाडा काय ट्रंकेत घालून आणलाय मी?"

"बांधू."

"कोण बांधणार?"

"मी. तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार गो. मी आत बसलेला माणूस."

मला वाटलं, टाळतायत. रत्नागिरीत कॉलेज करताना मी पत्रकं लिहायला शिकले, मोर्चाच्या फलकांना काठ्या ठोकायलाही शिकले. करवत आणि पटाशी मला नवीन नव्हती. बाबा त्या प्रदर्शनात मांडववाले म्हणून उभे राहणार की सैनिक म्हणून, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता. त्यासाठी पावणेचार फूट लांबीचा लाकडी रणगाडा बांधायला लागला तर बांधायचा.

प्रमाण ठरवलं एकास सहा. मोबाइलवर फोटो शोधले, त्यावरून कागदावर नकाशा काढला, प्लायवूड कापलं आणि चार दिवसांत पुढचा उतार आणि दोन्ही बाजू उभ्या केल्या. बाबा येता-जाता बघायचे, बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "ह्याच्यात मी बसायचो कुठे?"

मी बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. "नाय. माझे गुडघे जातात कुठे?"

मग त्यांनी पडवीत पाट मांडला, त्यावर बसले, पाय पुढे केले, डोळे मिटले आणि दोन्ही हात हवेत धरले, जसे काय गाडा वळवायचे ते दोन दांडे अजून तिथेच आहेत. "हा डावा. हा उजवा. बाहेर बघायची काच इथे, कपाळाच्या सरळ. झाकण बंद केलं की डोक्यावर चार बोटं उरतात." मी टेप घेऊन त्यांच्या अंगाभोवती फिरत होते: गुडघ्यापासून दांड्यापर्यंत, कपाळापासून काचेपर्यंत, टाचेपासून पाठीपर्यंत. पाठीचं माप घेताना ते जरासुद्धा हलले नाहीत. इतक्या वर्षांनी बसल्यावर शरीराला जागा तोंडपाठ होती.

प्रत्येक मापाला सहाने भागलं. बाबांच्या उंचीचा सहावा भाग एवढा सागाच्या ढलप्यांचा एक बाहुला केला, गुडघ्यात आणि कोपरात वाकणारा. तो माझ्या गाड्यात बसवला, तर गुडघे पुढच्या फळीला धडकले आणि झाकण लागेना. फोटोवरून काढलेला उतार चुकीचा होता.

"पत्रक चुकलं की काय करतेस?" बाबांनी विचारलं.

"फाडते."

"मग फाड हे."

फाडलं. दुसऱ्यांदा आम्ही रणगाडा आतून बांधला. आधी बाबांची बैठक, मग बैठकीभोवती गाडा. जगात रणगाड्याच्या प्रतिकृती करणारे पुष्कळ असतील. त्यांना मी सांगते, फोटोवर जाऊ नका, आत बसलेला माणूस शोधा. पीव्हीसी पाइप उभा चिरून चुलीवर तापवला की मऊ पडतो, पाट ठेवून दाबला की पत्रा होतो. त्या पत्र्यातून पट्ट्याचे तुकडे कापले आणि सायकलच्या आऱ्यांनी एकमेकांत ओवले. चाकं प्लायवूडची, त्यांवर जुनी ट्यूब ताणून बसवली. वाडीतले लोक येऊन बसायचे, पट्टा हाताने फिरवून बघायचे. चळवळीतली एक मैत्रीण आली, तिने गाड्याला एक फेरी मारली आणि म्हणाली, "मोर्चात शांतता आणि पडवीत तोफ. बरं चाललंय."

"गाडा सरकारचा होता," मी म्हटलं. "आतला घाम माझ्या बापाचा. मी घामाचं प्रदर्शन मांडतेय."

ती म्हणाली, "हे पत्रकात लिही," आणि पट्टा ओवायला बसली.

हिरवा रंग चढला. प्रदर्शनाला तीन दिवस होते. आता गाडा नवाकोरा दिसू नये, चाललेला दिसावा, म्हणून मी आणि आई चिऱ्याच्या खाणीवर गेलो, जांभ्याचा भुगा आणला, चाळणीने चाळला आणि चाकांना, पट्ट्यांना, पुढच्या उताराला गोंद लावून त्यावर पेरला. काय दिसला गाडा. लाल चिखलातून आत्ताच वर आलेला. सगळी वाडी बघून गेली, एकानेही नावं ठेवली नाहीत.

बाबा बाजारातून बांगडे घेऊन आले. पिशवी हातातच राहिली. "हा कोणाचा गाडा?"

"तुमचा."

"माझ्या गाड्याला ही माती कधी लागली नाय."

पंधरावीस माणसं बघून गेली होती आणि मातीला दुसरा रंग असतो हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जन्मापासून पायांना लाल धूळ लागलेली माणसं आम्ही; माती म्हटलं की लालच.

बाबांनी पिशवी आईकडे दिली आणि पायरीवर बसले. "आम्ही वाळवंटात होतो. तिकडची धूळ पिवळट, बेसनासारखी बारीक. दातात जाते, कानात जाते, पापणीला बसते. झाकण उघडं ठेवून चालवलं की संध्याकाळी तिघंही एका रंगाचे दिसायचो." मग म्हणाले, "जेवण एकाच डब्यात यायचं. कमांडर मोठ्या जमीनदाराच्या घरातला. पहिला घास घेऊन डबा खाली माझ्याकडे द्यायचा. मी खायचो, मग गोळा डागणारा. कोण कुठल्या वाडीचा, हे त्या गाड्यात कधी निघालंच नाय."

बाबांनी मला हे आजवर सांगितलं नव्हतं. मी इतकी पत्रकं लिहिली समतेवर, आणि समता बघितलेला माणूस माझ्याच घरात मांडवाचे वासे धुऊन ठेवत होता. मला राग आला. गावाचा आला, सरांचा आला, आणि थोडा माझाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघांनी लाल भुगा खरवडला. बाबांनी पट्ट्याचा एकेक तुकडा टूथब्रशने घासला. भाट्याच्या किनाऱ्याची वाळू आणते म्हटलं तर म्हणाले, तिचा दाणा जाड. शेवटी आईच बोलली, "मुलतानी माती चालेल काय?" तिने डब्यातली चिमूटभर काढून दाखवली. बाबांनी बोटांत चोळली, हुंगली. "हीच."

दुकानात होती तेवढी पाकिटं आणली. दुकानदाराने विचारलं, लग्न आहे का घरात. आई म्हणाली, "रणगाड्याला उटणं लावायचंय."

प्रदर्शनाच्या दिवशी गाडा टेम्पोतून हायस्कूलच्या हॉलमध्ये गेला आणि दारातून आत मावला. मांडव आणि हॉलमधले कापडी पडदे बाबांनी आदल्या दिवशीच बांधले होते. शब्द दिला होता ना, म्हणाले. त्यावरून माझं आणि त्यांचं वाजलं. मी रात्रीच पत्रक तयार ठेवलं होतं, मागणी एकच: पंधरा ऑगस्टच्या यादीत बाबांचं नाव. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "माझ्यासमोर वाटू नको." त्या मांडवाचं कापड सुटलं की ते उठून मागे जाणार, याची मला खात्री होती. आयुष्यभर तेच केलेलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाड्याजवळ उभे राहिले. लोक जमले. तासाभराने सर घाईघाईने आले. "मागचा पडदा सुटलाय. जरा बघता का?"

माझा हात पत्रकांच्या पिशवीत गेला.

बाबा जागचे हलले नाहीत. आवाजही चढवला नाही. "सर, मी ड्युटीवर आहे. पडद्याचं दुसऱ्या कोणाला सांगा."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कोणी नजरेला नजर देईना. मग ते मागे गेले, बाक ओढलं, चपला काढल्या आणि स्वतःच वर चढले. गाठ त्यांना नीट येत नव्हती.

एक बाई विचारत होत्या, "आत पंखा असतो का हो?"

"पंखा?" बाबा हसले. त्यांनी झाकण उघडलं आणि आतला बाहुला दोन बोटांनी बाहेर काढला. "हा मी. आता बघा, हा बसतो कसा."

गर्दी पुढे सरकली. मी पिशवी उचलली आणि गेटवर गेले. बाबांसमोर नाही, पण पत्रकं वाटली, सगळी. यादी अजून तीच होती. लोक पत्रक वाचत आत जात होते, आणि आत बाबा होते.