शहाताकाका खड्ड्यात उतरले

कैरोतल्या आमच्या गल्लीतल्या सिनेगॉगची, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराची, झाडलोट शहाताकाका चाळीस वर्षं करताहेत. त्यांना वाचता येत नाही, पण देवाचं नाव आकारावरून ओळखतात. ते असलेलं फाटकं पान दिसलं की डोळ्यांना लावून पोत्यात ठेवतात. ते नाव कचऱ्यात टाकायचं नसतं, त्याला माणसासारखी माती द्यायची. सात वर्षांनी एकदा पोती बसातीनच्या कब्रस्तानात जातात.

या खेपेला शुक्रवार होता. माझ्या आईचं झिजलेलं प्रार्थनेचं पुस्तकही त्यात होतं, म्हणून मी गेले. अकरा पोती खड्ड्यात उतरली आणि आमचे म्हातारे धर्मगुरू हाखाम रहमीन धापा टाकत आले.

"शहाता, माझ्या मेजावरचं चामड्याचं पान कुठाय?"

"फाटकं होतं ना, हाखाम. पोत्यात घातलं."

हाखाम खड्ड्यात वाकून पोती मोजू लागले. "फार जुनं होतं रे. दर आठवड्याचं वाचन कुठे थांबवायचं, त्या खुणा वेगळ्याच होत्या. अजून नक्कलही केली नाही."

कब्रस्तानाचे कारभारी नसीम फावड्यावर रेलले होते. "एकदा माती पडली की उघडता येत नाही. आणि ऊन उतरलं, सूर्य बुडाला की शब्बाथ लागेल, मग कामाला हात लावता येणार नाही. पोती उघडी ठेवून जायचं का?"

काकांनी जोडे काढले आणि खड्ड्यात उतरले.

"अकरा पोत्यांत शोधणार? मसीहा येईल तोवर," नसीम म्हणाले.

"तोवर तुम्ही फावडं धरा. माती टाकू नका."

काका डोळे मिटून हात घालत होते. कागद, कागद, नुसता कागद. ऊन भिंतीच्या निम्म्यावर आलं. मी मनात स्तोत्रं म्हणत होते, पण ओळी चुकत होत्या. आठ पोती झाली. नसीमनी फावडं उचललं.

नवव्या पोत्यात काकांचा हात थांबला. "हे बघा. कडेला टाका घातलाय. मेजावरून उचलताना बोटाला लागला होता."

हाखामांनी उरल्या उजेडात पान धरलं. "तोरेची पोथी आपण वर्षात वाचून संपवतो. या खुणांप्रमाणे हे पान वाचणाऱ्यांना तीन वर्षांहून जास्त काळ लागत होता. आपलेच पूर्वज."

"मग आपण चुकतोय का, हाखाम?" मी घाबरून विचारलं.

"नाही ग लेकी. देव एकच, वाचायची चाल वेगळी."

"मला आधी वर काढा," खड्ड्यातून काका म्हणाले. "निवांत वाचणाऱ्यांचं मग बघू."

पण वर येण्याआधी त्यांनी उघडलेलं प्रत्येक पोतं पुन्हा बांधलं, त्याची माफी मागितली. ते वर आल्यावर नसीमनी माती लोटली. शब्बाथचे दिवे लावायला मी जेमतेम घरी पोचले.

आता काका प्रत्येक फाटकं पान आधी हाखामांकडे नेतात. दारातूनच विचारतात, "खरंच गेलंय का, नीट बघा."