डबा की काच

मी जन्माचा उतावळा. पंगतीत श्लोक संपायच्या आत माझा पहिला घास घशाखाली गेलेला असायचा आणि आई लांबून डोळे वटारायची. असा माणूस फोटोच्या धंद्यात पडला, तोही मलकापुरात, स्टेशनच्या रस्त्यावर, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या स्टुडिओत मुख्य काम होतं थांबण्याचं.

कॅमेरा बाबांच्या वेळचा, लाकडी, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा राहणारा. छपराची काही कौलं काढून तावदानं बसवली होती, त्यांतून येईल तेवढा उजेड. लेन्स जुनी, मंद. गिऱ्हाइकाला दोन-तीन सेकंद दम धरून बसवावं लागे. त्यात मालगाडी आली की जमीन थरथरे, तिकाटणं थरथरे आणि फोटो हले. म्हणून मी काळ्या कापडातून तोंड बाहेर काढून म्हणायचो, "थांबा, गाडी जाऊ द्या." गाडी कापसाच्या गाठी घेऊन सावकाश मुंबईकडे जायची. तिला घाई नसायची. मला असायची.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाबा गेले होते, घरात आई, धाकटी बहीण आणि मी. त्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका जुन्या मालाच्या दुकानदाराकडे मी दोन वस्तू पाहिल्या आणि माझं चित्त उडालं. एक होता छातीशी धरून वरून पाहायचा, वर-खाली दोन डोळे असलेला रोलचा कॅमेरा. दुसरी होती जर्मन लेन्स, माझ्याच लाकडी कॅमेऱ्यावर बसेल अशी. धंद्यात आम्ही कॅमेऱ्याला डबा म्हणायचो आणि लेन्सला काच. दोन्ही घेणं माझ्या ऐपतीबाहेर होतं. दुकानदार म्हणाला, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, ठेवतो, मग मी बांधील नाही.

डबा घेतला तर मी सुटणार होतो. गळ्यात अडकवायचा आणि निघायचं. लग्नं, जत्रा, कुस्त्या, मिळेल त्या बसनं कुठंही. काच घेतली तर त्याच खोलीत, त्याच खुर्चीसमोर जन्म जाणार, पण फोटो मात्र असा येणार की पापणीचा केस न् केस मोजावा. रोज सकाळी दात घासताना मी डबा घ्यायचं ठरवायचो आणि आंघोळ होईपर्यंत काच घेतलेली असायची. आई म्हणायची, "काय घ्याचं थे घे, पण उभा राहून जेवू नको."

गिऱ्हाइकांनी माझा घोळ वाढवला. जो तो फोटो हातात घेऊन म्हणायचा, "बरा हाये, पण साफ नाही आला." ज्वारीचा अडत्या म्हणाला, त्याची सून म्हणाली, मास्तरणीबाईही म्हणाल्या. मी काच पुसून पुसून थकलो. तिच्या आतच बुरशीचं जाळं धरलं होतं, त्यामुळे सगळं किंचित धुरकट यायचं. लोक म्हणतात ते खरं होतं, फोटो स्वच्छ येत नव्हते. म्हणजे काचच घ्यायला हवी. पण पाय तर डब्याकडे ओढत होते.

आता बहिणीबद्दल सांगायला हवं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. वाचली, पण डाव्या गालावर आणि कपाळावर वण राहिले. स्टुडिओतलं सगळ्यांत नाजूक काम तीच करायची. खिडकीशी तिरकी काच मांडून त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग, पुरळ, सुरकुत्या बुजवायची. बाबांनी शिकवलं होतं. आमची निगेटिव्ह पोस्टकार्डाहून मोठी, म्हणून ते जमायचं. रोलच्या इवल्याशा निगेटिव्हवर पेन्सिल चालली नसती. सगळ्या तालुक्याचे वण तिनं बुजवले होते. तिला सतरा ठिकाणांहून नकार आलेला होता, आणि आमच्या घरात तिचं लग्न हा एकच विषय राहिला होता.

त्याच दिवसांत अमडापूरहून एक स्थळ आलं. त्यांनी आधी फोटो मागवला. मी तिचा फोटो काढला. अर्धं काम धुरकट काचेनं केलं. उरलेलं मी केलं, ती आईबरोबर बाजारात गेली असताना, तिच्याच पेन्सिलीनं. गाल नितळ केला, कपाळ नितळ केलं आणि तिला न दाखवताच पाकीट टपालात टाकलं. मला वाटलं, एकदा माणसं दारात आली की तिचा स्वभाव पाहतील, हातातली कला पाहतील, पुढचं पुढं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी उतावळा भाऊ होतो.

माणसं आली. पोहे झाले. मुलाच्या मामानं खिशातून फोटो काढला, तिच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि मोठ्या सभ्यपणानं विचारलं, "ह्या फोटोतली पोरगी कोणती हो?"

बहिणीनं हात पुढं करून फोटो घेतला, खिडकीकडे नेऊन तिरका धरला. तिला एका नजरेत कळलं पेन्सिल कोणाची ते. माझा हात जड आहे, मी फटकारे ओढतो, ती बारीक टिंबं देते. तिनं फोटो मामांना परत दिला, "हे मीच हाओ, पण थो फोटो नोका पाहू," म्हणाली आणि आत गेली. मला आजही तो प्रसंग आठवला की कानशिलं तापतात.

पाहुणे गेल्यावर मी आत गेलो. म्हणालो, "काचच खराब हाये आपली."

"काच खराब हाये तर नवी घे ना," ती म्हणाली. "घेच. जशी मी हाओ तशी दिसली पाह्यजे. ज्याले याचं थो पाहून येईन."

आखाजीच्या आधल्या आठवड्यात जुनी काच फडक्यात गुंडाळून मी पॅसेंजरनं निघालो. ती मोडीत देऊनच नवं काही हाती येणार होतं. मलकापूर सोडताना काच पक्की होती. नांदुऱ्याला फलाटावर एक बँडवाला ढोल घेऊन चढला, कुठल्याशा लग्नाला निघालेला, आणि माझा डबा पक्का झाला. जलंबला पुन्हा काच. शेगावला बाहेर यात्रेकरूंची झुंबड पाहिली, एकेकाचा फोटो काढावा असं वाटलं, डबा. अकोल्याला दुकानात उभा राहिलो, तो दुहेरी डोळ्यांचा कॅमेरा हातात घेतला, वरून आत पाहिलं. रस्त्यावरचा टांगा, पानवाला, सायकली, सगळं त्या चौकोनात उलटसुलट पळत होतं. मन अगदी लहान मुलासारखं झालं. मग खाली ठेवला आणि काच घेतली. परतीच्या गाडीत मला खूप वाईट वाटलं, तेही लिहून ठेवतो. बहिणीसाठी केलं म्हणून आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

पहिला फोटो तिचा काढला. नवी काच चपळ, अर्ध्या सेकंदात काम. निगेटिव्ह वाळल्यावर मी उजेडाला धरून बघितली. एकूण एक वण आला होता. डोळेही आले होते, हे खरं. जुन्या काचेत तिचे डोळे कधी असे आले नव्हते. मी नकळत पेन्सिलीकडे पाहिलं. तिनं पेन्सिल उचलून स्वतःच्या अंबाड्यात खोचली. फोटो जसा होता तसा ठिकठिकाणी गेला.

आणि इकडे गिऱ्हाइकं बिथरली. अडत्याची सून नवा फोटो घेऊन तणतणत आली. "साफ काढा म्हटलं होतं ना तुमाले? हे तं तोंडावर वावर नांगरल्यावानी दिसते!"

"अहो, यापेक्षा साफ फोटो मुंबईत नाही निघणार," मी म्हणालो.

"हे साफ हाये? काऊन मजाक करता गरिबाची!"

ती गेल्यावर खिडकीकडून हसू ऐकू आलं. बहीण पेन्सिल खाली ठेवून हसत होती. "दादा, साफ म्हंजे गोरं. गोरं अन् गुळगुळीत. रंग साफ, त्वचा साफ. इतके वर्षं दुकानात बसतं, तुले समजलंच नाही?"

मी खुर्चीत बसलोच. लोकांना काच नको होती. त्यांना अजून धुरकट हवं होतं! "मंग तू आंधी काऊन नाही सांगतलं?"

"तू इचारलंच नाही," ती म्हणाली. मग खाली पाहत, "अन् सांगतलं असतं तं तू डबा आणला असता. मले थे काच पाह्यजे होती."

मी तिच्यावर भडकलो. दोन दिवस बोललो नाही. त्या दोन दिवसांत तिनं मुकाट्यानं नव्या काचेनं उघडे पाडलेले सगळे चेहरे बुजवले. आता काम तिप्पट झालं होतं. "तू काच आणली अन् मले वावरातलं तण निंदनाले लावलं," एवढंच म्हणाली.

बहिणीचा फोटो तीन ठिकाणांहून परत आला. चौथ्या ठिकाणाहून माणूसच आला. नांदुऱ्याच्या शाळेतला मास्तर, एकटा, स्टेशनवरून पायी. त्यानं फोटो खिशातून काढलाच नाही. चहा घेतला, तिरक्या काचेजवळ गेला आणि तिला विचारलं, "हे टिंबं देता कसे तुमी?" ती सांगत बसली. तासभर. मी चार वेळा उठलो, चार वेळा आईनं सदरा धरून खाली बसवलं. जाताना म्हणाला, "फोटो पाहूनच ठरवलं होतं. आता इचाराले आलो, तुमचं काय म्हणणं हाये."

लग्न झालं. नांदुऱ्याची गाडी धरायच्या आधी जोडपं फोटोसाठी स्टुडिओत आलं, तशी आमच्याकडे रीतच होती. नवरा खुर्चीत, ती शेजारी उभी, मुंडावळ्यांचा वळ अजून कपाळावर. मी कापडात डोकं घातलं. तेवढ्यात ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आज जुनी काच लाव ना."

"काऊन वं?"

"ह्यायनं मले पाह्यलं हाये. आता फसवाचं कोणाले हाये? पण पेन्सिल नको, पेन्सिल मले दिसते. एक फोटो माह्या असाच साफ येऊ दे."

"जुनी तं अकोल्याले देली," मी म्हणालो.

"हाव, हाव. इसरली मी," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. हसत होती, पण मला तिचं हसू ठाऊक होतं. इतकी वर्षं तिनं लोकांना जे दिलं होतं ते स्वतःसाठी पहिल्यांदा मागितलं होतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. मला रडू आलं. कापडात डोकं होतं म्हणून बरं.

तेवढ्यात पायाखालची फरशी कुरकुरली. मालगाडी. मी सवयीनं तोंड बाहेर काढलं, "थांबा, गाडी..." आणि तिथंच थांबलो. काचेचं भोक होईल तेवढं बारीक केलं, म्हणजे उजेडाला जास्त वेळ लागेल. गाडी जवळ आली. तिकाटणं थरथरू लागलं. मी टोपण काढलं. "हलू नका," म्हणालो. एक. दोन. तीन. मग लावलं.

आठवड्यानं फोटो घेऊन नांदुऱ्याला गेलो. तिनं तो खिडकीशी नेऊन तिरका धरला, बोटानं गाल चाचपला, फोटोतला आणि मग स्वतःचा.

"पेन्सिल लावली?"

"नाही."

"मंग?"

"मालगाडीले इचार."

ती आधी हसली. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "साफ आला, दादा." आतून मास्तर चहा घ्या म्हणत होते. परतीच्या पॅसेंजरची घंटा ऐकू आली. मी उठलो नाही.