मिशी विरुद्ध माकडटोपी

माझ्या सासऱ्यांची माकडटोपी मरून रंगाची होती आणि ती मला मनापासून नकोशी होती. नागपूरच्या तिबेटी स्वेटर बाजारात घासाघीस करून घेतलेली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडे कॅनडात, हॅमिल्टनला, राहायला आले, तेव्हा त्यांच्या दोन सुटकेसमधून काय काय आलं हे आता आठवत नाही, पण टोपी विमानभर डोक्यावर बसूनच आली. सप्टेंबर लागला की ती चढायची आणि मे संपता संपता, तीही धुवायला म्हणून, उतरायची. मी त्यांना चांगल्या लोकरीच्या तीन टोप्या आणून दिल्या. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बेटा, ह्या टोप्या फक्त डोकं झाकतात. थंडी तर कानातून घुसते ना!"

त्या टोपीतून चष्मा, नाक आणि थोडेसे गाल एवढंच दिसायचं. एकदा ते तशा अवतारात बँकेत शिरले आणि काउंटरवरच्या मुलीचा हात हळूच खाली कुठल्यातरी बटणाकडे गेला. बाबांनी टोपी वर सरकवून तिला गुड मॉर्निंग केलं आणि पासबुक मागितलं. इथे पासबुक नसतं हे त्यांनी तिच्याकडून दहा मिनिटं समजून घेतलं. तेव्हापासून ती त्यांना पाहिलं की लांबूनच हात हलवते. मी मात्र त्या दिवशी शरमेने अर्धी झाले होते. आमची बारा वर्षांची लेक तर शाळेच्या कॉन्सर्टला त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसायची.

रोज सकाळी बाबा बसने मॉलमध्ये जायचे. तिथल्या फूड कोर्टात, खिडकीजवळच्या टेबलावर, त्यांचे एकुलते एक मित्र बसलेले असायचे. स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झालेले इटालियन गृहस्थ. त्यांच्या मिशीची दोन्ही टोकं मेण लावून वर वळवलेली असायची, म्हणून मी त्यांना मिशीवाले काका म्हणायचे. दोघं मिळून गरम चिप्सचं, म्हणजे फ्रेंच फ्राइजचं, एक पाकीट घ्यायचे आणि ते दोन तास पुरवायचे. एकाचं इंग्रजी इटालियन, दुसऱ्याचं नागपुरी, पण दोघांचं कधी काही अडलं नाही.

काकांकडे एकच विषय होता, त्यांचं गाव. डोंगरातलं छोटंसं गाव, चौकात कारंजं, कारंज्यासमोर त्यांच्या वडिलांची बेकरी. बेकरीतल्या भट्टीला लोखंडी दार आणि दारावर लोखंडातच उठवलेला कोंबडा. लहानपणी त्या कोंबड्याला कोपर लागून भाजलं होतं. तो डाग ते बाही वर करून कोणालाही दाखवायचे, मलाही तीनदा दाखवला होता. वडील गेल्यावर बेकरी दुसऱ्या कोणी चालवायला घेतली, पण भट्टी तीच आणि पाव तोच, असं ते छातीठोकपणे सांगत. स्वतः तीस वर्षांत तिकडे फिरकले नव्हते आणि आता डॉक्टर विमानात बसू देत नव्हते.

आम्ही ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून इटलीला जायचं ठरवलं आणि पैज लागली. झालं असं की काका समोरच्या चिप्सकडे बोट दाखवून म्हणाले, हे असलं खाणं माझ्या गावात कोणी कुत्र्यालाही घालणार नाही. बाबा म्हणाले, बर्गरचं दुकान आता कुठे नाही? शब्दाने शब्द वाढला. गावात बर्गरचं दुकान निघालं तर काका मिशी काढणार. नाही निघालं तर बाबांनी माकडटोपी काकांना द्यायची आणि पुन्हा तसली घ्यायची नाही. फोनवर बघणं बाद, डोळ्यांनीच बघायचं. काकांचा फोन तसाही झाकणाचा होता.

हे कळल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. काकांच्या गावाचं नाव निघालं की मी हात जोडायचे, देवा, तिथे एकही बर्गर नको. त्यात माझं आणखी एक दुखणं होतं. गणपतीच्या पॉटलक जेवणाला एका बाईंनी पॅरिसचे फोटो दाखवले, तर निम्म्या फोटोंत त्यांच्या हातात बर्गर. मी चारचौघांत म्हटलं होतं, "युरोपात जाऊन हे खायचं? आम्ही नाही बाई तसले टुरिस्ट." त्यामुळे घरात फतवा निघाला, की दहा दिवस फास्ट फूडच्या दाराला हात लावायचा नाही.

रोममध्ये बाबांची टोपी हीच एक प्रेक्षणीय वस्तू होऊन बसली. उन्हात घाम पुसणाऱ्या बायका आम्हाला थांबवून त्यांच्याबरोबर फोटो काढत होत्या. मी सहलीच्या वेळापत्रकाची फाइल छातीशी धरून सगळ्यांना पळवत होते. अमुक वाजता हे चर्च, तमुक वाजता ते कारंजं. दुपारी दगडासारखा पाव आणि चीज, कारण स्थानिक लोक तेच खातात असं माझ्या फाइलमध्ये लिहिलं होतं. स्थानिक लोक ते खात नव्हते. स्टेशनजवळच्या बर्गरच्या दुकानापुढे ही भलीमोठी रांग.

"बेटा, हे सगळे इथलेच लोक दिसून राहिले," बाबा म्हणाले.

"टुरिस्ट असतील, बाबा."

"हातात भाजीची पिशवी घेऊन?"

मी फाइलचं पान उलटलं. रोमचा पैजेशी संबंधही नव्हता.

सहाव्या दिवशी आम्ही काकांच्या गावाला निघालो. बसने शेवटचं वळण घेतलं आणि खांबावर मला ती पाटी दिसली. हसरा बर्गर, शेजारी बाण आणि पाचशे मीटर. मी बाबांचा दंड धरून त्यांना दुसऱ्या बाजूला वळवलं. "बाबा, ते बघा, द्राक्षं!"

"ते टोमॅटो आहेत, बेटा."

आधी बेकरी बघू असं त्यांचं चाललं होतं. मी म्हटलं, दुपारी इथे सगळं बंद असतं, चारला जाऊ. मग मी त्यांना मागच्या गल्ल्यांतून फिरवलं. दोन भिंती आणि तीन मांजरं बघून झाली. लेक म्हणाली, "मॉम, आर वुई हायडिंग फ्रॉम समवन?" नवरा माझ्याकडे बघून गालात हसत होता, कारण त्यालाही पाटी दिसली होती.

पण माझ्या पोटात सकाळपासूनच्या दोन कॉफ्या आणि एक बाटली पाणी होतं. चर्च बंद, कॅफे बंद, सगळं गाव झोपलेलं. कॅनडात दर दहा मिनिटांवर वॉशरूम सापडते, त्याची किंमत मला त्या चढावर कळली. शेवटी मी सगळ्यांना एका बाकावर बसवलं, पोस्टकार्ड बघून येते म्हणाले आणि वळणापलीकडे गेल्यावर धूम ठोकली. बाण मला पाठ होता.

दुकान उघडं होतं आणि खच्चून भरलेलं होतं. म्हणजे झोपलेलं गाव इथे येऊन जेवत होतं. काळे कपडे घातलेल्या एक आजीबाई बर्गर काटा-सुरीने कापून खात होत्या. पांढरी कॉलर घातलेले फादर नगेट सॉसमध्ये बुडवत होते. वॉशरूमच्या दाराला आकड्यांचं कुलूप आणि आकडा पावतीवर छापलेला. मी चिप्स घेतले, पावती हिसकावली आणि धावले. बाहेर आले तेव्हा जीव भांड्यात पडला होता, आणि चिप्स समोर गरम होते. सहा दिवस मी तो पाव चावत होते. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले आणि दोन्ही हातांनी खाल्ले.

अर्धं पाकीट संपलं असेल. काचेच्या दारात मरून रंगाचं काहीतरी हललं.

पोस्टकार्ड बघायला गेलेली सून हरवली म्हणून बाबा मला शोधत आले होते. मागे नवरा, त्याच्यामागे लेक. बाबांनी आधी मला पाहिलं, मग चिप्सना, मग वरच्या हसऱ्या बर्गरला. दोन्ही मुठी वर करून ते ओरडले, "जिंकलो!" फादरच्या हातातलं नगेट पडलं.

तोंडघशी पडणं म्हणजे काय ते मला कोणी विचारावं. लेक हसून लोळायची तेवढी राहिली होती. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "खा, खा. मी केचप आणतो तुझ्यासाठी," आणि टोपीतल्या टोपीत हसत काउंटरकडे गेले.

केचपच्या पुड्या, स्ट्रॉ आणि नॅपकिन मागच्या भिंतीपाशी एका फळीवर ठेवलेले होते. बाबा तिथे गेले आणि परतेनात. मी उठून जवळ गेले. फळीच्या वर, भिंतीत, एक लोखंडी दार बसवलेलं होतं. काळंभोर, छान पॉलिश केलेलं, वर छोटा दिवा सोडलेला. दारावर कोंबडा.

बाबांनी त्याच्या तुऱ्यावरून बोट फिरवलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बरोब्बर समोर कारंजं होतं.

"आजोबा, स्माइल! प्रूफ!" लेकीने फोटो काढलासुद्धा.

"डिलीट कर, बेटा."

"बट यू वन!"

"कर म्हणतो ना."

आजवर ते माझ्या लेकीशी कधी त्या आवाजात बोलले नव्हते. तिने मुकाट्याने फोटो पुसला.

परतीच्या विमानात न राहवून मीच विषय काढला. म्हटलं, बाबा, खरं सांगून टाका, नाहीतर तुमची टोपी जाईल. हे वाक्य माझ्या तोंडून निघतंय यावर माझाच विश्वास बसेना. बाबा सीटच्या पट्ट्याचं बक्कल उघडत-लावत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या डोक्यात ती बेकरी अजून चालू आहे. रोज पाव भाजून राहिला त्याचा बाप तिथे. मी काय सांगू त्याला, आता तिथे केचप ठेवतात म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीने मॉलला नेलं. काकांनी मिशीला नेहमीपेक्षा जास्त मेण लावलं होतं. बहुधा शेवटचं म्हणून. बाबा खुर्चीवर बसले आणि एका दमात म्हणाले, "नो बर्गर. नथिंग. यू विन."

काकांनी टेबलावर हात आपटला. "आय टोल्ड यू! अँड द बेकरी?"

"क्लोज्ड. आफ्टरनून."

"ऑफ कोर्स! आफ्टरनून माय फादर स्लीप्स!" आणि मग ते माझ्याकडे वळले. बाबांवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता, पण सगळं फाइलमध्ये लिहून ठेवणारी बाई खोटं कशाला बोलेल? "यू टेल मी. ट्रू?"

दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते माझ्या एका शब्दावर आलं होतं. बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते चिप्सचं पाकीट फाडत होते.

"ट्रू," मी म्हटलं. "बट द स्मेल ऑफ ब्रेड... कारंज्यापर्यंत येत होता." पुढचं मराठीतच निघालं, पण काकांना ते समजलं असावं. त्यांनी बाही वर केली आणि कोपराच्या डागावर हात ठेवून बसून राहिले.

मग बाबांनी टोपी काढली, घडी घातली आणि पुढे केली. काकांनी तिथल्या तिथे ती चढवली. मिशीची टोकं आत मावेनात, दोन्ही बाजूंनी बाहेर आली. फूड कोर्टातली दोन मुलं घाबरून आईला चिकटली. आम्ही तिघं इतके हसलो की मला डोळे पुसावे लागले.

परत येताना बँकेत काम होतं. बाहेर वारा कापत होता आणि बाबांचे कान लालबुंद झाले होते. मी माझा स्कार्फ पुढे केला, तो त्यांनी नको म्हणून परत दिला. काउंटरवरच्या मुलीने सवयीने हात वर केला आणि मध्येच थांबली. त्या टोपीखालचा चेहरा तिने पुरता असा कधी बघितलाच नव्हता. मग ओळख पटली आणि तिने विचारलं, "व्हेअर इज युवर हॅट?"

"माय फ्रेंड वॉज फीलिंग कोल्ड," बाबा म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी नागपूरच्या नणंदेला मेसेज केला. तिबेटी बाजार लागला की एक माकडटोपी घे, मरून रंगाचीच बघ. पैज त्यांनी लावली होती, मी नाही.