डोळ्यांच्या दवाखान्यातली पाठमोरी बाई

सांडू पेंटरनं चाळीस वर्षांत जे जे रंगवलं, ते सगळ्यांनी एकसारखंच वाचलं. तसं वाचलं जावं म्हणूनच तर लोक त्याला बोलवायचे. पिशोरहून तो विसाव्या वर्षी शहरात आला, गारखेड्यात खोली केली आणि दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवत राहिला. 'येथे गाडी लावू नये' म्हणजे लावू नये. त्यात दुसरा अर्थ काढायला जागाच नाही.

एकदा मात्र चूक झाली होती. लासूर स्टेशनला एका लग्नासाठी त्यानं मंगल कार्यालयाकडे जाणारा बाण काढला, तो उलट्या दिशेला. निम्मे पाहुणे भलत्याच लग्नात जाऊन जेवले, अहेर करून आले आणि वर म्हणाले, जिलेबी फार चांगली होती. लोक हसले, पण सांडूनं कान पकडला. पाटी म्हणजे जोखमीचं काम. बघणाऱ्याला विचार करावा लागला की पेंटर चुकला.

अशा माणसाला गेल्या वर्षी डॉक्टर यास्मिननं अडचणीत टाकलं. यास्मिन डोळ्यांची डॉक्टर, वय पस्तिशीच्या आत, दवाखाना गारखेड्यातच. बाहेरची पाटी सांडूनंच रंगवली होती. ती वाळायच्या आत तिनं त्याला बोलावून घेतलं आणि बाकांसमोरची कोरी भिंत दाखवली.

"काका, इथं काहीतरी काढा."

"काय काढू?"

"तुम्हाला वाटेल ते."

"मॅडम, शब्द सांगा ना. अक्षर लई झकास काढतो मी."

"शब्द नकोत. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नाही आणि बाकीच्यांच्या डोळ्यांत मी औषध घालते. त्यांना तासभर सगळं धूसरच दिसतं."

तुम्हाला वाटेल ते! चाळीस वर्षांत हे कुणी म्हटलंच नव्हतं त्याला. दोन दिवस तो सकाळी दवाखाना उघडायच्या आधी येऊन भिंतीसमोर उभा राही आणि चहा पिऊन परत जाई. तिसऱ्या दिवशी त्यानं पिवळा रंग कालवला, थोडा तांबडा टाकला, आणि हात आपसूक चालला. एक दार उमटलं. दारापलीकडं तो पिवळा उजेड. दारात एक बाई, हिरव्या लुगड्यातली, आपल्याकडं पाठ केलेली, एक पाय उंबऱ्यावर.

बाई पाठमोरी होती त्याचं कारण अगदी साधं होतं. सांडूला चेहरे जमत नसत. हात तर त्याहून जमत नसत. तिचे हात कोपरात वाकवून पुढं घेतले, तर एका बाजूनं बोटं दिसायला लागली आणि ती वांग्यांसारखी झाली. दोनदा पुसून तिसऱ्यांदा त्यानं त्यावर पदराचा घोळ ओढून घेतला. आता पदराखाली तिनं काहीतरी धरलंय एवढंच कळत होतं. सांडूनं सुटकेचा श्वास टाकला आणि ब्रश धुतले.

चौथ्या दिवशी यास्मिनचा फोन आला. "काका, जरा येऊन जा. गंमत बघा."

दवाखान्यात पाऊल टाकलं तर बाकांवर भांडण जुंपलेलं.

"कोंबडी हाय तिच्या पदरात," एक शेतकरी सांगत होता. "बघा कशी दाबून धरलीय. उडंल म्हणून."

"कोंबडी काय? बाळ हाय ते. पाठ बघा तिची, जरा मागं झुकलीय. बाळंतीणच उभी राहती तशी."

"दागिने असतील. घरच्यांना न सांगता निघाली असंल," तिसऱ्यानं आवाज बारीक करून म्हटलं, आणि सगळा बाक हसला.

राजकुमार नावाचे एक निवृत्त तलाठी होते. साखर वाढल्यानं महिन्याला डोळ्यांचे पडदे तपासायला यायचे. त्यांना हा गोंधळ सहन होईना. सांडूच पेंटर आहे असं कळताच त्यांनी त्याला गाठलं. "अहो, तुम्ही सांगा ना! काय आहे पदराखाली? एकदाचं खाली लिहून टाका."

सांडू सरळ यास्मिनच्या खोलीत शिरला आणि कबुली दिल्यासारखं बोलला, "मॅडम, खोटं कशाला बोलू. त्या पदराखाली काहीच नाय. मला हात काढता येईना म्हणून झाकले. लोक उगीच डोकं लावायलेत."

यास्मिन खुर्चीवर मागं रेलून हसली. "तुम्ही झाकले म्हणून तर ते बघतायत, काका. आधी सगळे मोबाइल बघायचे, नाहीतर माझ्या नर्सवर ओरडायचे, नंबर कधी येतो म्हणून."

सांडूचं समाधान झालं नाही. आपण लोकांना फसवतोय असं त्याला वाटत राहिलं. महिनाभरानं काळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन तो आला. ठरवून टाकलं होतं त्यानं, 'भाकरी' लिहायचं. भाकरीवर कुणाचं भांडण होणार नाही. शिडीवर चढून त्यानं 'भ'ची गाठ काढायला ब्रश टेकवला, तर टोक कुठं टेकलंय तेच नीट दिसेना. डोळे बारीक करून बघत होता, तेवढ्यात मागून यास्मिनचा आवाज आला.

"काका, खाली उतरा. कधीपासून असं बघताय?"

पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांत औषध पडलं आणि तो बाकावर बसला, इतर पेशंटांसारखा. हळूहळू भिंत विरघळायला लागली. दाराच्या कडा गेल्या. वांग्यासारखी बोटं झाकणारा तो पदर, उंबऱ्याची रेघ, शिडीवरून घातलेले सगळे फटकारे, काहीच उरलं नाही. उरला फक्त पिवळा उजेड आणि त्यात एक हिरवा ठिपका. आपणच काढलेलं चित्र तो पहिल्यांदा बघत होता. छान दिसत होतं.

शेजारी जैतुनबी बसली होती. सत्तरीची बाई, पंधरा दिवसांपूर्वी तिचा मोतीबिंदू काढला होता. काळा चष्मा कपाळावर सरकवून ती भिंतीकडं टक लावून बघत होती.

"ऑपरेशनच्या आधी मी हिला बघत होते ना," ती म्हणाली, "तवा निसता हिरवा डाग दिसायचा. मला वाटायचं लिंबाचं झाड हाय. आता बघते तर बाई!" ती खुदकन हसली. "खुशीत हाय बेचारी. घरी आली ना."

"आली?" सांडू म्हणाला. "आजी, ती चाललीय. घरातून बाहेर चाललीय. पलीकडं ऊन हाय बघा, अंगणातलं."

"ऊन कुठलं? दिवा हाय तो घरातला. आपण बाहेर उभे हाव रे बाबा, गल्लीत. ती आत चालली. दिवसभर कुठं कुठं फिरून आली आन् आता पाय टाकला घरात."

सांडूनं पुन्हा भिंतीकडं बघितलं. तो पिवळा त्यानं स्वतः कालवला होता. तो ऊन आहे याबद्दल त्याला तसूभर शंका नव्हती. आणि आता, धूसर डोळ्यांनी, तो बघत राहिला आणि बाई फिरली. म्हणजे हलली नाही जागची, पण निघालेली होती ती आलेली झाली. हिरवं लुगडं कुणाचं ते त्याला तेव्हाच उमगलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात लेकीचं, प्रेरणाचं, लग्न झालं, नाशिकला दिली. निघताना तिनं हिरवा शालू नेसला होता. गाडीत बसेपर्यंत तिची पाठ बघत तो दारात उभा होता. भिंतीवर काय काढतोय ते हाताला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

"आजी," तो हसत म्हणाला, "तुमचंच बरोबर असंल."

"असंल काय, हायेच!" जैतुनबी म्हणाली.

शिडीला टेकवलेली काळ्या रंगाची डबी त्यानं झाकण लावून पिशवीत टाकली. राजकुमार समोरून ओरडले, "अहो, लिहिताय ना?"

"नाय साहेब. तुम्हीच सांगा, काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी काय पेंटर आहे?" असं म्हणून ते चिडून भिंतीकडं वळले, आणि मग मान वाकडी करून बघतच राहिले.

रविवारी सांडू बायकोला, आवडाबाईला, घेऊन आला. तिनं आजवर त्याची एकही पाटी थांबून बघितली नव्हती, त्यात बघायचं काय? इथं मात्र ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सांडूचा जीव खालीवर.

"दूध हाय," ती शेवटी म्हणाली. "काठोकाठ भरलंय. सांडू नाय म्हणून बघ कशी मोजून पाऊल टाकती."

"सांडू नाय म्हणून!" सांडू एवढ्या मोठ्यानं हसला की नर्स बाहेर डोकावली. "माझंच नाव घेतीस व्हय!"

आवडाबाई लाजली, पदर तोंडाला लावला आणि तीही हसत सुटली.

त्यानंतर त्याला अशा भिंती मिळत गेल्या. एका शाळेची, एका सलूनची, मग पिशोरच्या दूध डेअरीची. पाट्याही तो रंगवतोच, आता यास्मिननं दिलेला चष्मा लावून. आणि पाटीत अजूनही काना-मात्रेची चूक चालवून घेत नाही. पण भिंतीवर चित्र काढून झालं की तो हात धुऊन लोकांमध्ये जाऊन बसतो, चहा मागवतो, आणि कुणीतरी बोलायची वाट बघतो. सलूनमध्ये त्यानं तळ्याकाठी एक रिकामी खाट काढली होती. दाढीचा साबण तोंडाला लावलेलं एक गिऱ्हाईक आरशातून ती बघत म्हणालं, "आत्ताच उठून गेला वाटतं कुणीतरी."

"कोण असंल?" सांडूनं खुर्ची पुढं ओढली.